खड्ड्याआधीचा पांढरा डाग

नाशिकच्या एका शिक्षिकेच्या मुलीला सहा वर्षं उलटल्यावर तोंडात अगदी मागे एक नवी दाढ आली. त्या जागेचा कुठलाच दात पडला नव्हता, म्हणून ही दुधाचीच दाढ असणार, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं. पुढे तिच्यात अन्न अडकायला लागलं. पडणाऱ्या दाढेवर खर्च कशाला, असं आजी म्हणाल्या आणि तेही सगळ्यांना पटलं. मुलगी रात्री गाल धरून रडायला लागली तेव्हा दवाखान्यात कळलं, की ही दाढ कायमची आहे. दहाव्या वर्षी त्या पोरीचं रूट कॅनल करावं लागलं.

या बाई आता प्रत्येक पालकसभेत पहिलीच्या आईवडिलांना सहाव्या वर्षाच्या दाढेबद्दल आवर्जून सांगतात. ती दुधाच्या दाढांच्या मागे, कुणाचीही जागा न घेता येते. पूर्ण वर यायला तिला बरेच महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढांपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. त्या दिवसांत मोठ्या माणसाने गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून तेवढी दाढ वेगळी घासून द्यायला हवी. तिच्या खाचा खोल असतील, तर डॉक्टर सीलंटचा पातळ थर देऊन त्या बुजवतात. दाढ खणावी लागत नाही, दुखतही नाही.

बाईंना सर्वांत जास्त हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. कीड म्हणजे काळा खड्डा, हीच आपल्याकडची समजूत. खरं तर सुरुवात पांढऱ्या डागाने होते.

गोड किंवा पिठूळ काही खाल्लं, की दातावरच्या थरातले जिवाणू त्याचं आम्ल करतात. अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं: ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा सामू घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास तरी जातो. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मध्ये उसंत मिळाली तर लाळ तेच क्षार परत भरते. म्हणूनच एका बैठकीत खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर चघळलेली बिस्किटं जास्त घातक. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात.

डाग बघायचा तर मुलाला खिडकीशी, उजेडात बसवावं. ओठ वर उचलून दात स्वच्छ कापसाने कोरडा करावा आणि हिरडीलगत नीट पाहावं. खडूसारखी मंद, चमक नसलेली पांढरी रेघ दिसली, तर तिथले क्षार जायला लागले आहेत. ओल्या दातावर ती सहसा दिसत नाही. टोकदार वस्तूने टोचून पाहू नये. वरचा नाजूक थर मोडला, तर सावरू शकणाऱ्या जागेचा खड्डा होतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळेही दातांवर पांढरे पट्टे येतात. ते बहुधा दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच असतात. तिथे फरक डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

डाग वेळीच सापडला तर उपाय साधा आहे. साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट रोज दोनदा वापरायची. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. अनेक मंजनांत आणि वनौषधींच्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, म्हणून वेष्टन वाचून घ्यावं. घासून झाल्यावर खळखळून चूळ भरायची आपली सवय मात्र सोडायला हवी: फेस थुंकून टाकायचा आणि थांबायचं, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. डॉक्टर दवाखान्यात फ्लोराइडचं वार्निशही लावतात.

पांढरेपणा पूर्ण गेलाच पाहिजे असं नाही. डागाला चकाकी आली, तो गुळगुळीत झाला किंवा थोडा तपकिरी होऊन तसाच राहिला, तर कीड थांबलेली असते आणि सहसा तिथे ड्रिल चालवावं लागत नाही. खड्डा पडल्यावर मात्र कुठलीच पेस्ट तो भरून आणत नाही. दोन दाढांच्या मधली कीड घरी दिसायचीच नाही. तिच्यासाठी डॉक्टरांना एक्स-रेबद्दल विचारावं.