एस्पोला निघालेल्या भाचीला: घाईचं फिनिश

अगं, एस्पोला नोकरी लागली म्हटल्यावर प्रत्येकाने तुला थंडीचंच सांगितलं असेल. जॅकेट-बुटांचं सांगायला पुष्कळ जण आहेत. मी सांगते ते बोलण्याचं, आणि त्यातही कामाची गडबड असताना काय बोलायचं त्याचं. ऑफिस इंग्रजीत चालेल गं, पण कॉफीच्या खोलीत, पाळणाघराच्या दारात आणि जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या आजींशी फिनिशच लागतं.

पहिलं वाक्य ‘मुल्ला ओन कीरे’, मला घाई आहे. आपल्यासारखंच ‘मला’वरून सुरू होतं, म्हणून मराठी माणसाच्या तोंडात लगेच बसतं. जोर नेहमी शब्दाच्या सुरुवातीवर, आणि ‘की’ चांगला लांबव. पुस्तकात ‘मुल्ला’च्या जागी ‘मिनुल्ला’ छापलेलं असेल. परीक्षेत ते लिही, बसस्टॉपवर नको. क्लासमधलं फिनिश आणि रस्त्यावरचं फिनिश यांत अग्रलेखातली मराठी आणि ओट्याजवळची मराठी यांच्याइतकं अंतर आहे. घाई नसेल तर ‘एइ ओओ कीरेत्तॅ’. नकार आला की शब्दाचं शेपूट बदलतं. फिनिशला पंधरा विभक्ती आहेत, त्यांच्या मागे आत्ताच लागू नकोस. वाक्य आहे तसं पाठ कर.

शब्दकोशात मात्र ‘बिझी’ शोधायला जाऊ नकोस. तिथे ‘वारात्तु’ असा एक शब्द सापडेल. तो चालू असलेल्या फोनला लागतो, राखून ठेवलेल्या टेबलाला लागतो, आतून कडी लावलेल्या संडासालाही लागतो. पण ‘ओलेन वारात्तु’, म्हणजे ‘मी वारात्तु आहे’ असं म्हणालीस, तर ऐकणाऱ्याला कळतं की तुझं कुणाशी तरी जमलेलं आहे. गळ्यात पडणाऱ्या एखाद्याला कटवायला ते छान आहे, मीटिंग टाळायला नाही.

आता खरा कानमंत्र. ‘एहतिआ’ हे क्रियापद घोटून घे. वेळेत जमणं, वेळेत पोचणं, वेळ पुरणं, सगळं त्यात येतं. ‘एन एहदि तॅनॅन’ म्हणजे आज जमणार नाही. ‘एहदिन बुस्सीन’ म्हणजे बस गाठते मी. सांगितलेलं काम राहून गेलं असेल तर ‘एन एहतिन्युत’, नाही झालं वेळेत. भविष्यकाळाचं वेगळं रूप फिनिशमध्ये नाहीच, त्यामुळे उद्याचा नकारही ‘एन एहदि’नेच होतो, फक्त पुढे ‘हुओमेन्ना’ जोडायचं. आणि हे म्हणून गप्प बसायचं! आपली सवय अशी की नाही म्हणायचं असलं की सासूचं आजारपण, मुलाची परीक्षा, गाडीचं पंक्चर, सगळं ओळीने सांगायचं. नाहीतर ‘बघते, प्रयत्न करते’ म्हणायचं. तिथे कारणांची यादी कोणी मागत नाही, आणि ‘प्रयत्न करते’ म्हणालीस तर माणूस खरोखर वाट बघत बसतो. तुटक नकार त्यांना उद्धट वाटत नाही. मला तर ही पद्धत आपल्यापेक्षा जास्त सभ्य वाटते.

नकारामागून लगेच दुसरी वेळ सुचवलीस तर मात्र फार चांगलं. ‘सोपीको हुओमेन्ना?’, उद्या चालेल का? उत्तर ‘सोपी’ आलं की ठरलं. ‘पालान आसिआन’ म्हणजे ‘या विषयाकडे परत येते’ हे मेलच्या शेवटी सर्रास दिसतं. तू ते लिहिलंस तर परत यायचं, नाहीतर लिहायचं नाही.

भेट ठरवताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ. ‘तापान सिनुत’ म्हणजे तुला भेटते. यातला दुसरा ‘आ’ आखूड झाला की त्याचा अर्थ ‘तुला ठार मारते’ असा होतो. परदेशी माणूस म्हणून हसून सोडून देतील, पण लांबव बाई.

वेळेचंही एक सांगते. ‘पुओलि कोल्मे’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा तीन’, पण घड्याळात अडीच. साडेतीन समजून गेलीस तर तासभर उशीर, आणि तिथे पाच मिनिटांचाही बरा दिसत नाही. शंका आली तर आकड्यात लिहून माग, १४.३० असं. आठवड्यांना नंबर असतात. ‘तेहतिसाव्या आठवड्यात भेटू’ असं म्हणतील, म्हणजे ऑगस्टचा मध्य. फोनच्या कॅलेंडरमध्ये ते नंबर पहिल्याच दिवशी चालू करून ठेव. जूनच्या शेवटी युहान्नुस, म्हणजे त्यांचा मध्य-उन्हाळ्याचा सण, झाला की पुष्कळ लोक लांब रजेवर जातात. जुलैत कुणाला काम सांगितलंस तर ‘लोमाल्ला’ एवढंच उत्तर येईल, रजेवर. त्यापुढे वाद नाही.

कुणी ‘मितॅ कूलू?’ म्हणजे ‘काय म्हणतेस?’ विचारलं आणि खरंच कामाचा ढीग असला, तर ‘कीरेत्तॅ पितॅ’ म्हण, शेवटचा ‘ॲ’ ताणून. गडबड चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावर थांब. किती तास काम करतेस, रविवारीही कशी बसतेस, हे पुण्यात कौतुकाने ऐकतात. तिथे कायद्याने साधारण आठ तासांचा दिवस आणि चाळीस तासांचा आठवडा आहे. रोज रात्रीपर्यंत बसणाऱ्याचं कौतुक होत नाही, त्याच्या कामाचं नियोजन कुठेतरी चुकलंय असं मला तरी वाटायला लागलं आहे.

आणि हे सगळं आरशापुढे घोकून येणार नाही. हेलसिंकी-एस्पोच्या सार्वजनिक ग्रंथालयांत ‘किएलिकाह्विला’, म्हणजे भाषेच्या गप्पांचे कट्टे भरतात. पैसे पडत नाहीत, चुका चालतात. पहिल्याच महिन्यात जाऊन बस, आणि त्या संध्याकाळी दुसरं कोणी बोलावलं तर ‘एन एहदि’ म्हण.