ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडं जा

पोरी, पॉडकास्टचे पहिले काही भाग झाले आणि आता विषयच सुचत नाहीत म्हणालीस. घरात बसून सुचायचेही नाहीत. सुरुवातीच्या भागांत माणूस स्वतःजवळ साठलेलं सांगून मोकळा होतो. तुझं तेच झालं: अजिंक्यतारा, कासची फुलं, सांगलीचं भडंग, पत्री सरकार. चांगलं केलंस, पण हे सगळं ऐकणाऱ्यालाही आधीच माहीत होतं. इथून पुढचं ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या दारात जावं लागेल. सांगली आकाशवाणी 1963 साली सुरू झाली. पुढं तिच्यासाठी भाषणं आणि श्रुतिका लिहिताना मी जे शिकलो, ते तुला सांगून ठेवतो. यंत्रं बदलली असतील, ऐकणारा कान तोच आहे.

आधी तुझी वही बघू. तू लिहिलंयस, ‘हळद’. हे पाटीवरचं नाव झालं, यावर दहा मिनिटं बोललीस तर शाळेचा निबंध होईल. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे कुणीही वाचून दाखवेल. त्यापेक्षा हरिपूरला जा. तिथं जमिनीत खोल पेवं काढून त्यांत हळद साठवायची रीत होती. पेव उघडलं की लगेच आत उतरता येत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. काही तास ते उघडं ठेवावं लागतं. मग वहीत लिही: ‘पेवात पहिल्यांदा कोण उतरायचं, आणि आता उतरायला हरकत नाही हे त्याला कसं कळायचं?’ हा झाला भाग. याचं उत्तर तुझ्याजवळ नाही, माझ्याजवळ नाही. उतरलेल्या माणसाजवळ आहे. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि ती रीत मोडत गेली. उतरलेली माणसं म्हातारी होत चाललीत, म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नकोस.

वहीतल्या प्रत्येक नावाला असा एखादा प्रश्न जोड. ज्याला जोडता येणार नाही ते नाव खोडून टाक.

दुसरं सांगतो ते वस्तूच्या मागं जाण्याबद्दल. मिरजेची सतार सगळ्यांना माहीत आहे. हत्यारं घडवणारी शिकलगार मंडळी वाद्यं बनवायला लागली, हेही बरेचदा सांगून झालंय. आता सतारीचा भोपळा धर आणि त्याच्या मागं एक गाव चाल. तो मिरजेत पिकत नाही, पंढरपूरकडच्या भागातून येतो. खायचा नसलेला भोपळा शेतात लावणारा तो शेतकरी कोण? चांगला भोपळा तो कशावरून ओळखतो? त्यानं कधी त्याच भोपळ्यातून निघालेला यमन ऐकलाय का? कारागिराच्या मुलाखती पुष्कळ झाल्यात, त्या शेतकऱ्याकडं क्वचितच कुणी जातं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं रोप, तासगावच्या बेदाण्याचा खोका, बावधनच्या बगाडाचं लाकूड, कुठलीही वस्तू घे. पुढं बाजारात गर्दी असते. मागं गेलीस की तुला एकटा माणूस भेटेल, आणि त्याला वेळही असेल.

हंगामाचं भान ठेव, पण हंगामात सगळ्यांबरोबर धावू नकोस. 2012 मध्ये कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तेव्हापासून सप्टेंबरात जो तो फुलांवरच बोलतो. तू मे महिन्यात जा. काळा कातळ, वर जेमतेम बोटभर माती. तिथल्या गावच्या माणसाला विचार की या मातीत काय झोपलंय आणि गुरं चारायचं त्याचं गणित आता कसं बसतं. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीच्या दिवशी कॅमेरे जातात. तू पंचमी होऊन महिना उलटल्यावर जा आणि न्यायालयानं जिवंत नाग पकडायला बंदी घातल्यापासून घराघरांत काय बदललं ते विचार. मांडव उठल्यावर माणूस खरं बोलतो. सणाच्या दिवशी तो पाहुण्यांना सांगायचं तेवढंच सांगतो.

पुराचं मात्र वेगळं. पावसाळ्यात सांगलीतल्या माणसाच्या तोंडी एकच चौकशी असते: आयर्विनला पाणी किती फूट? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्या आकड्यांवर लोक आपल्या घराची पायरी मोजतात: इतके फूट झाले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी, इतके झाले की जोत्याला. एकेका गल्लीचा आकडा गोळा केलास तरी एक भाग होईल, आणि नवीन भाडेकरूच्या उपयोगाला येईल. पण ब्रह्मनाळला त्याच पुरात नाव उलटून माणसं गेली. तसल्या दारात माईक घेऊन आपणहून जाऊ नये. जा, बस, चहा दिला तर घे. पुन्हा जा. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐक, आणि ध्वनिमुद्रण करायचं का ते त्यांनाच ठरवू दे. विषय कमी पडतात म्हणून कुणाचं दुःख उचलून आणायचं नाही, हे मी तुला बजावून सांगतोय.

आता वयाचं. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज सत्तरीला टेकलंय. स्वातंत्र्यलढ्यातल्या पत्री सरकारातली माणसं तर जवळजवळ संपली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील. पोलीस ठाण्याबाहेर मारहाणीचं खोटं भांडण उभं करून पोलिसांना बाहेर गुंतवायचं आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं न्यायची, या कामगिरीत त्या होत्या. पत्रकार पी. साईनाथांनी हे त्यांच्याच तोंडून नोंदवून घेतलं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. 2021 साली त्या गेल्या. कुणी तरी वेळेवर जाऊन बसलं म्हणून ते आपल्याला मिळालं. तुझ्या यादीतली माणसं वयाप्रमाणं लाव आणि सगळ्यात थोरल्यापासून सुरुवात कर. तरुण उद्योजक पुढच्या वर्षीही भेटेल. आणि पत्री सरकारावर पुन्हा भाग करायचा झालाच, तर कुंडलच्या बाजूला जाऊन भूमिगतांची भाकरी कुठल्या घरात थापली जायची ते शोध. त्या घरातल्या सुनेचं नाव कुठल्याही फलकावर नसेल.

आता ऐकणाऱ्याचं. म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते, जतच्या जालिहाळला येरळावाणी. ही दोन्ही सामुदायिक रेडिओ केंद्रं, एकदा तिथं जाऊन बस. सामुदायिक रेडिओला शंभर वॅटच्या आसपासचा प्रक्षेपक मिळतो, आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. सरकारी नियमही असा की निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत. म्हणजे ऐकणारी बाई ओळखीची, बोलणारीही ओळखीची, आणि चुकीचं काही गेलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून सांगणारी. तिथं ‘श्रोत्यांना काय आवडेल’ असा मोघम विचार करायला जागाच नाही. तुझा पॉडकास्ट लंडनमध्येही ऐकू येईल, आणि म्हणूनच तू कुणाशी बोलतेस ते धूसर होतंय. प्रत्येक भाग ठरवताना पंधरा किलोमीटरचं वर्तुळ आखून घे. त्यातली एक बाई डोळ्यांपुढं आण. समज, विट्याच्या आठवडी बाजारात शेळी विकायला आलेली. हा भाग तिला कशाला हवा, ते एका वाक्यात सांगता आलं तर पुढं जा.

विट्यावरून आठवलं. खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी. दुष्काळानं घर सोडलं आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर देशभर पसरली. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, आपल्याकडचं कुणीतरी भट्टीपाशी भेटतं. सांगली-सातारच्या माणसाला याहून मोठा विषयांचा साठा मला माहीत नाही. भट्टीच्या धुराचं काय होतं? तमिळ शाळेत शिकलेला मुलगा गावच्या जत्रेत आजीशी कोणत्या भाषेत बोलतो? मुलगी बघायला इकडंच का येतात? लग्न ठरताना तिला परमुलुखाबद्दल काय सांगतात आणि काय सांगायचं राहून जातं? एका माणसाकडून दुसऱ्याचा फोन नंबर मिळत जाईल. निरोप घेताना एवढंच विचार: ‘मी आणखी कुणाशी बोलू?’ माझ्या निम्म्याहून जास्त श्रुतिका या एका प्रश्नातून आल्यात.

जुने कागदही बोलतात. किर्लोस्करवाडीसारख्या माळावरच्या वसाहतीतून 1920 पासून ‘किर्लोस्कर खबर’ (पुढचं ‘किर्लोस्कर’) मासिक निघत होतं, 1930 मध्ये ‘स्त्री’ निघालं. जुन्या वाचनालयात बांधीव अंक असतील तर लेख नंतर वाच. आधी जाहिराती आणि वाचकांची पत्रं बघ. नव्वद वर्षांपूर्वी एखाद्या बाईनं संपादकाला विचारलेला प्रश्न आज तुझ्या मैत्रिणीला विचार. दोघींमध्ये काय बदललं, तेवढ्यावर अर्धा तास सहज जाईल.

विषय पारखायची माझी रीत साधी आहे. एसटीत शेजारी बसलेल्याला प्रश्न सांगायचा. तो ‘छान आहे’ म्हणाला तर सोडून द्यायचा. ‘आमच्यात असं नसतं, आमच्यात काय करतात माहितीये का’ म्हणून तो सरसावून बसला, तर वही काढायची. सातारा-सांगली या एका प्रवासात रहिमतपूरचं वेगळं, कराडचं वेगळं, इस्लामपूरचं वेगळं ऐकायला मिळतं. खासगी गाडीनं जाऊ नकोस.

झालेल्या भागांकडंही पुन्हा बघ. आटपाडीच्या स्वतंत्रपूरवर तू बोललीस. औंध संस्थानानं काढलेली कैद्यांची खुली वसाहत, आणि तिच्यावरून 1957 साली आलेला ‘दो आँखें बारह हाथ’. सिनेमाची गोष्ट रंगवून सांगितलीस, पण आज त्या रानात काय पिकतं आणि कैद्याची बायकामुलं तिथं कशी राहतात, हे तुझ्या भागात आलंच नाही. रीतसर परवानगी काढ. अर्ज मराठीत लिही, कशासाठी जायचंय ते चार ओळींत स्पष्ट मांड, आणि मला दाखव. पण त्याआधी हरिपूर. गुरुवारी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आलेल्या एखाद्या जुन्या हमालाला गाठ, पेवात उतरलेलं कोण आहे ते त्याला ठाऊक असेल.