नाव एक, गाड्या पाच : 'होंडा सिटी'ची पिढीवार पारख

कापडाचा व्यापारी ताक्यावरचा छाप पाहून भाव ठरवीत नाही. तो ताका उलगडतो, सूत चिमटीत धरून पाहतो, वीण तपासतो आणि मगच बोलतो. छाप तोच राहून सूत बदलते, हे त्याला धंद्याने शिकविलेले असते. हाच व्यापारी जुनी मोटार घ्यायला जातो तेव्हा मात्र नावावर भुलतो. 'सिटी आहे ना, मग चांगलीच असणार,' एवढ्यावर सौदा ठरतो आणि दुकानात फिरणारे दोन-चार लाखांचे भांडवल दारात उभे राहते. गाडी चुकीची निघाली तर ते भांडवल दुरुस्तीत झिरपू लागते.

म्हणून या लेखात एकाच नावाची गाडी पिढीगणिक कशी पारखावी, याचा धडा घेऊ. उदाहरणासाठी 'होंडा सिटी' घेतली आहे. आपल्याकडे चपळ, धावरी सेडान म्हणून तिचा लौकिक आहे. ती १९९८ पासून भारताच्या रस्त्यावर आहे आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात तिच्या पाचही पिढ्या पाहावयास मिळतात. तसे हे नाव त्याहून जुने आहे. जपानमध्ये १९८१ साली 'सिटी' नावाची छोटी, उंच गाडी निघाली होती. सेडान म्हणून हे नाव १९९६ साली थायलंडमधून पुढे आले आणि तीच गाडी दोन वर्षांनी आपल्याकडे आली. खाली 'पहिली पिढी' म्हटले आहे ती भारतातील पहिली पिढी समजावी.

पारखण्याची तीन मापे

पहिले माप : ताकद आणि वजन यांचे प्रमाण. नुसती अश्वशक्ती सांगून भागत नाही. ती ताकद किती वजन ओढते, हे पाहिले पाहिजे. गाडीच्या अश्वशक्तीला तिच्या टनांतील वजनाने भागावे. शंभराच्या वर उत्तर आले तर गाडी चपळ, सत्तरच्या आसपास आले तर सौम्य समजावी.

दुसरे माप : ओढ कोणत्या फेऱ्यांवर मिळते. इंजिनाची जास्तीत जास्त ओढ मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर मिळत असेल, तर भरलेली गाडीही कमी गिअर बदलून चालते. तीच ओढ साडेचार हजारांच्या पुढे मिळत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर मजा येते, पण चार माणसे आणि सामान घेऊन कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा घाट चढताना वारंवार गिअर खाली आणावा लागतो.

तिसरे माप : देखभालीचा खर्च. इंजिनाला पट्टा आहे की साखळी, गिअरबॉक्स कोणता, सुटे भाग मिळतात का, हे प्रश्न किंमत ठरविण्यापूर्वी विचारावयाचे असतात.

पहिली पिढी : १९९८ ते २००३

ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीत १३०० आणि १५०० सीसीची पेट्रोल इंजिने होती. १५०० सीसीची ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. पुढे व्हीटेक इंजिन आले, त्याची १०६. गाडीचे वजन टनाच्या आसपास, म्हणजे पहिल्या मापावर शंभरी सहज गाठली जाते. व्हीटेकमध्ये इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की झडपा अधिक उघडतात व अधिक वेळ उघड्या राहतात, त्यामुळे वरच्या फेऱ्यांवर इंजिन मोकळा श्वास घेते. गाडी बुटकी आणि हलकी असल्याने वळणावर घट्ट बसते. शौकीन लोक आजही हिला शोधत फिरतात, त्याचे कारण हेच.

पण व्यापाऱ्याने शौक आणि सोय वेगळी ठेवावी. या इंजिनाला टायमिंगचा रबरी पट्टा आहे. तो ठरल्या मुदतीत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर झडपा वाकण्याचा धोका असतो आणि मग इंजिन उघडावेच लागते. पट्टा केव्हा बदलला याचे बिल दाखविता येत नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून भाव करावा. शिवाय या गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पत्र्याचे भाग कुर्ल्यासारख्या जुन्या बाजारात शोधावे लागतात.

दुसरी पिढी : २००३ ते २००८

येथे कंपनीने गाडीचा स्वभावच पालटला. नवी गाडी उंच, आतून ऐसपैस झाली. इंजिन १४९७ सीसीचे 'आय-डीएसआय', पण ताकद फक्त ७७ अश्वशक्ती. वजन साधारण साडेदहाशे किलो धरले तर पहिल्या मापावर उत्तर येते ७३. ज्यांनी जुनी सिटी चालविली होती, ते नाराज झाले.

मात्र दुसरे माप लावा. या इंजिनाची पूर्ण ओढ २,७०० फेऱ्यांच्या आसपासच मिळते. शहरात, रहदारीत आणि भरल्या गाडीने ही ओढ उपयोगी पडते. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असल्याने इंधन नीट जळते आणि पेट्रोल वाचते. टायमिंगसाठी पट्ट्याऐवजी साखळी आली, ही मोठी सोय. म्हणजे धावण्यात जी गाडी मागे पडली, तीच खर्चात पुढे गेली. २००५ साली तिचे 'झेडएक्स' हे सुधारित रूप आले. १०० अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिनही या पिढीत मिळत होते, म्हणून बॉनेट उघडून इंजिन कोणते आहे ते स्वतः पाहावे.

दोन गोष्टी तपासाव्यात. आय-डीएसआयमध्ये चार नव्हे, आठ प्लग असतात. मागच्या बाजूचे चार काढायला अवघड, म्हणून काही ठिकाणी पुढचे चारच बदलून काम उरकले जाते. दुसरे म्हणजे सीव्हीटी स्वयंचलित गिअरबॉक्स. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर गिअरबॉक्समधील क्लचचा दोष असू शकतो. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी महाग पडते.

तिसरी पिढी : २००८ ते २०१३

नाराज ग्राहकांना उत्तर म्हणून २००८ च्या सप्टेंबरात तिसरी सिटी आली. १४९७ सीसीच्या आय-व्हीटेक इंजिनाची ताकद ११८ अश्वशक्ती, वजन अकराशे किलोच्या आसपास, उत्तर १०७. चपळपणा परत आला. पण ओढीचा उंच बिंदू ४,८०० फेऱ्यांवर गेला. म्हणजे हे इंजिन पळविले तरच पळते. स्वयंचलित प्रकारात सीव्हीटी जाऊन पाच गिअरचा साधा, टिकाऊ गिअरबॉक्स आला.

या पिढीची अडचण गाडीत नव्हती, पेट्रोलच्या भावात होती. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोल नियंत्रणमुक्त केले, डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रणात राहिले. दोहोंच्या भावात मोठी दरी पडली. सिटीकडे डिझेल इंजिन नव्हते. २०११ साली आलेल्या ह्युंदाई वेर्नाकडे होते, आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. चांगला मालही बाजाराच्या हवेत कसा अडकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

चौथी पिढी : २०१४ पासून

जानेवारी २०१४ मध्ये चौथी सिटी डिझेल घेऊनच उतरली. १४९८ सीसी, १०० अश्वशक्ती, सहा गिअर. डिझेलची ओढ २०० न्यूटन-मीटर आणि तीही १,७५० फेऱ्यांवर, म्हणजे घाटासाठी उत्तम. उणीव आवाजाची, केबिनमध्ये इंजिनाची घरघर जाणवते. पेट्रोलची ताकद ११९ अश्वशक्ती, जवळजवळ पूर्वीचीच. सीव्हीटी परत आला, पण यावेळी टॉर्क कन्व्हर्टरसह, त्यामुळे निघताना तो जास्त मऊ आहे. २०१७ च्या फेरबदलात सर्वात वरच्या प्रकारात सहा एअरबॅग मिळाल्या. २०२२ साली 'ग्लोबल एनसीएपी'च्या धडक चाचणीत या पिढीला चार तारे मिळाले. पाचवी पिढी आल्यावरही ही गाडी २०२३ पर्यंत विक्रीत होती, म्हणून केवळ सालावरून पिढी ओळखता येत नाही.

डिझेल घ्यावे का? हिशेब साधा आहे. समजा, महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणे आहे. पेट्रोल गाडी लिटरला १४ चालली तर १०७ लिटर लागेल, डिझेल २० चालली तर ७५ लिटर. बचत ३२ लिटरची. महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणे असेल तर बचत अकरा लिटरवर येते. तेवढ्यासाठी डिझेलचा जास्त भाव व महागडी देखभाल पदरात घेऊ नये.

आणखी एक सावधगिरी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. तेव्हापासून तिकडच्या अनेक गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवायची तर येथे पुन्हा नोंदणी करून येथील कर भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरूनच भाव स्वस्त की महाग हे ठरवावे.

पाचवी पिढी : २०२० पासून

जुलै २०२० मध्ये आलेली ही सिटी लांबीला ४,५४९ मिलिमीटर झाली. पेट्रोलची ताकद १२१ अश्वशक्ती, हाताचे गिअर पाचाऐवजी सहा. मे २०२२ मध्ये विजेच्या मोटारीसह चालणारा हायब्रिड प्रकार आला. तेव्हा कंपनीने त्याचे मायलेज लिटरला २६.५ सांगितले होते. नव्या उत्सर्जन नियमांमुळे २०२३ मध्ये डिझेल बंद झाले.

हिशेब मांडला तर

आता पेट्रोल गाड्यांची पाच उत्तरे एका ओळीत मांडू : साधारण १००, ७३, १०७, ११०, १०९. यातून महत्त्वाची गोष्ट दिसते. २००८ नंतर सिटीचा वेग वाढलेलाच नाही. सामानाची जागाही तिन्ही पिढ्यांत पाचशे लिटरच्या थोडी वरच आहे. तिसरीऐवजी पाचवी घेताना आपण जे दोन-चार लाख जास्त मोजतो, ते धावण्यासाठी नसून सुरक्षेसाठी, आरामासाठी आणि उरलेल्या आयुष्यासाठी असतात. ज्याला फक्त चपळ गाडी हवी, त्याने नव्या पिढीचा भाव देण्याचे कारण नाही. ज्याच्या गाडीत रोज घरची माणसे बसतात, त्याने मात्र एअरबॅग मोजूनच पैसे मोजावेत.

सौद्यापूर्वीची शेवटची तपासणी

कंपनीने दोष दुरुस्तीसाठी परत बोलाविलेल्या गाड्यांची यादी असते. २०१० मध्ये दुसऱ्या पिढीतील काही गाड्या खिडकीच्या बटणासाठी, २०११ मध्ये तिसऱ्या पिढीच्या सत्तावन्न हजारांवर गाड्या इंजिनातील एका स्प्रिंगसाठी, २०१५ मध्ये चौथ्या पिढीच्या डिझेल गाड्या इंधनाच्या नळीसाठी बोलाविल्या गेल्या. २०१२ व २०१३ साली बनलेल्या गाड्यांत टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा प्रश्न होता. ही दुरुस्ती मोफत होते. चासी क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारले की काम झाले की नाही ते कळते. विचारायला एक फोन पुरतो, तरी बहुतेक खरेदीदार तो करीत नाहीत.

त्याचबरोबर आरसी बुक, विमा, बाकी दंड, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि सर्व्हिसची बिले पाहावीत. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, कारण तापविलेले इंजिन बरेच दोष झाकते. आपला विश्वासू मेकॅनिक सोबत न्यावा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. फुकट सल्ला देणारा दलालाच्या चहात विरघळतो.

गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनी हाच धडा उलट बाजूने घ्यावा. पट्टा बदललेला नसेल, गिअरबॉक्स थरथरत असेल, तर तसे गिऱ्हाइकाला आधी सांगून भाव कमी घ्यावा. दोष लपवून मिळालेले दहा हजार एकदाच मिळतात. खरे सांगणाऱ्याकडे मात्र तेच गिऱ्हाईक आपल्या भावाला घेऊन पुन्हा येते.

तात्पर्य, पहिली पिढी शौकिनाची, आय-डीएसआय बेताच्या खर्चात शहरात फिरणाऱ्याची, तिसरी कमी पैशांत चपळपणा हवा असणाऱ्याची, चौथीचे डिझेल लांबच्या फेऱ्या करणाऱ्याची आणि पाचवी कुटुंबाची. आपण यांपैकी कोण, हे घरी बसून ठरवावे आणि मगच बाजारात जावे.