उंबरठ्यावरची सेवा

वाचकहो, या महिन्याचा पाठ आजारपणातल्या सेवेविषयी आहे. घरात कोणी पडले की आपण धावून जातो, उशाशी बसतो, बुक्का लावतो, प्रसाद हातावर ठेवतो. यात प्रेमच असते. परंतु एक आजार असा आहे की त्यात हे प्रेम दाराबाहेर थांबवावे लागते, आणि थांबवण्याचे ते अवघड काम नवऱ्याकडे किंवा बायकोकडे येते. तो आजार म्हणजे रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया.

आधी रोग समजून घेऊ. रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होते. या रोगात कच्च्या पांढऱ्या पेशी रानात तण माजावे तशा माजतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. केमोने हे तण मारतात. तरी काही रोग्यांत ते पुन्हा उगवण्याचे भय असते. तेव्हा मोठ्या मात्रेची औषधे देऊन जुनी मज्जाच मोडतात आणि दुसऱ्याच्या मूलपेशी शिरेतून चढवतात, रक्त चढवतात तशाच. आपल्या देशात हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला तो मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९८३ साली. डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली.

सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. नवराबायकोची सहसा जुळत नाही. मग जोडीदाराने द्यायचे काय?

समजा, सोलापुरातला एक यंत्रमागावरचा कामगार आहे. बायकोला हा रोग झाला. तिच्या भावाच्या पेशी जुळल्या. मुंबईला खोल्यांचे भाडे परवडेना, तेव्हा दादरला गाडगे महाराजांच्या नावाची जी धर्मशाळा कर्करोग्यांना आसरा देते, तिची वाट त्याला कोणी दाखवली. पेशी चढवतात तो दिवस शून्य धरून पुढचे दिवस मोजतात. नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, आणि पहिले शंभर दिवस फार जपावे लागतात. भावाने पेशी दिल्या, त्याचे काम दोनचार दिवसांत झाले. नवऱ्याने हे दिवस द्यायचे असतात.

या दिवसांत काय करावे, ते ध्यानात धरावे. पाणी उकळून गार केलेले. अन्न ताजे शिजवलेले, गरम. वरून कच्ची कोथिंबीरसुद्धा नको. हात साबणाने धुतल्याशिवाय तिच्याजवळ जाऊ नये. तुळशीला पाणी दुसऱ्याने घालावे, कारण मातीत बुरशी असते. औषधाच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळाव्या. रक्तातले औषध तपासायचे असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची की कसे, हे आधी विचारून ठेवावे. ताप १००.४ अंशांवर गेला तर घरची गोळी देऊन वाट पाहू नये. रात्र असो की पहाट, दवाखाना गाठावा. अंगावर पुरळ, जुलाब, डोळे पिवळे होणे, हेही लगेच सांगावे; नव्या पेशी परक्या शरीराशी भांडतात त्याची ती खूण असू शकते. लहानपणच्या लसीही पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा घ्याव्या लागतात.

आता आषाढ आला. पालख्या पंढरीकडे निघाल्या. गावाकडची मंडळी वाटेत याच्या दारी उतरली. मावशी म्हणाली, "अरे, तिच्या तोंडावरून हात तरी फिरवू दे." हा उंबरठ्यातच उभा राहिला. म्हणाला, "मावशी, रागावू नका. खिडकीतून बोला. आत कुणी यायचं नाही." मंडळी जरा नाराज झाली. रात्री बायको म्हणाली, "अहो, माझ्यापायी यंदा तुमची वारी चुकली." तो म्हणाला, "अगं, पुंडलिकानं काय केलं? आईबापांची सेवा चालली होती म्हणून देवालाच बाहेर विटेवर थांबवलं. मी तर मावशीला थांबवलंय."

पुंडलिकाची गोष्ट आपण शेकडो वेळा ऐकतो. तिचा अर्थ असा दारात उभे राहिल्यावर कळतो. देव त्यावर रागावला नाही, हेही विसरू नये.

शेवटी दोन शब्द सेवा करणाऱ्यासाठी. औषधांमुळे रोगी चिडतो, ताट सारून देतो. ते मनावर घेऊ नये. स्वतः वेळेवर जेवावे, झोपावे. आठवड्यातून एक रात्र धडधाकट भावाला किंवा दिराला बसवावे, पण सर्दीखोकला असलेल्याला नव्हे. आणि नातलगांनी काय करावे? ओळखीच्या तरुणांना रक्त व प्लेटलेट देण्यास पाठवावे. जवळच्या रक्ताच्या नातलगांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून रक्त देऊ नये. डबा पोचवावा, मुलांची शाळा सांभाळावी, आणि दारातून परत पाठवले तर वाईट वाटून घेऊ नये. त्या घराला तेवढीही मदत मोठी असते.