वडील भावंडांचा अभ्यास आणि धाकट्याचा उद्योग

नऊ वर्षांच्या मुलीला अपूर्णांक समजावून द्यावयाचे आणि त्याच खोलीत तिच्या तीन वर्षांच्या भावाला सांभाळावयाचे, ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात. २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या, तेव्हा असंख्य घरांना याचा अनुभव आला. जी कुटुंबे आपखुषीने मुलांना घरी शिकवितात, त्यांच्यापुढे तर हा प्रश्न नित्याचाच असतो.

लहान मूल वही ओढते, मध्येच बोलते, मांडीवर चढते. हा खोडसाळपणा नव्हे. मनातील ऊर्मीला आवर घालण्याचे काम कपाळामागील मेंदूच्या ज्या भागाकडे असते, तो भाग विशी उलटेपर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणून ‘गप्प बैस’ ही आज्ञा तीन वर्षांच्या मुलाला फार वेळ पाळता येत नाही. मात्र त्याच्या ठायी एकाग्रता नसते, असेही नाही. डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली बालगृह उघडले. तेथे तीनएक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्ये त्यांच्या खाचांत बसविण्याचा उद्योग चाळीसहून अधिक वेळा करीत राहिली. भोवती इतर मुलांनी गाणी म्हटली, तरी तिचे चित्त विचलित झाले नाही. तात्पर्य, मुलाला शांतता नको असते. त्याला हाताला काम हवे असते.

यावरून पुढील क्रम सुचतो. पाठ सुरू करण्यापूर्वी पहिली दहा-पंधरा मिनिटे केवळ धाकट्याला द्यावीत. लक्ष मिळून तृप्त झालेले मूल पुढे स्वतःच्या कामात अधिक सहजपणे रमते. नंतर त्याच्यापुढे एका ताटात एकच उद्योग मांडावा: दोन पेल्यांतून पाणी ओतणे, डबे व त्यांची झाकणे जुळविणे, रुमालाच्या घड्या घालणे, कणकेचा गोळा मळणे. चार-पाच ताटे तयार ठेवून ती आळीपाळीने काढावीत. सर्व एकदम मांडल्यास सर्वांचाच कंटाळा येतो. नव्या विषयाची समज देण्याचे अवघड काम धाकट्याच्या झोपेच्या वेळी करावे; उजळणी, वाचन आणि लेखन तो जागा असताना चालू शकते.

सावधगिरी मात्र अवश्य हवी. तीन वर्षांखालील मुलाजवळ मणी, चिंचोके, शेंगदाणे यांसारख्या लहान वस्तू ठेवू नयेत. त्या श्वासनलिकेत अडकतात. पाण्याने भरलेली बादली क्षणभरही नजरेआड सोडू नये. तसेच मुलास गप्प बसविण्याकरिता हाती दूरध्वनी देण्याचा मोह टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने पडद्यासमोर दिवसातून एक तासाहून अधिक वेळ बसू नये, आणि दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी. म्हणून दोन पाठांच्या मध्ये सर्वांनीच अंगणात धावून यावे.

एका गोष्टीचा विचार येथे केला पाहिजे. धाकट्याला सांभाळण्याचे ओझे पुष्कळदा थोरल्या मुलीवर पडते आणि तिचा अभ्यास बुडतो. महाराष्ट्रातील कोसबाड येथे ताराबाई मोडक यांना आदिवासी मुलांमध्ये हीच अडचण दिसली. त्यांच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या; त्यामुळे भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीलाही शिकता आले. घरातही हेच तत्त्व लागू पडते. थोरलीने धाकट्याला रोज एक गोष्ट वाचून दाखवावी. त्यात तिच्या वाचनाचा सराव होतो. परंतु तिची अभ्यासाची वेळ तिचीच राहिली पाहिजे. त्या वेळी धाकट्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांनी घ्यावी.

असे केल्यास थोरलीचे अपूर्णांक पुरे होतात. धाकट्यालाही अभ्यास म्हणजे आपल्याला दूर लोटणारी गोष्ट, असे न वाटता, आपल्या घरात चालणारे एक आनंदाचे काम, असे वाटू लागते. त्याच्या भावी शिक्षणाचा पाया याच वयात घातला जात असतो.