डिझेलचें उष्णतामान आणि सेन्सरची परीक्षा

सातारा व सांगली जिल्ह्यांत उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे डिझेलच्या मालमोटारी व ट्रॅक्टर अहोरात्र धांवूं लागतात. अशा दिवसांत गाडी अडली, तर चालकाची मजुरी बुडते. आणि दोष एकीकडे असतां भलताच भाग बदलला, तर पदरचे पैसेहि व्यर्थ जातात. म्हणून एका लहानशा भागाचें उदाहरण घेऊन दोष कसा शोधावा, याचा आम्ही येथें विचार करणार आहों. हा भाग म्हणजे डिझेलचें उष्णतामान सांगणारा सेन्सर होय.

त्याची गरज कां पडते, हें प्रथम पाहूं. तापल्यानें पदार्थ प्रसरण पावतात, हा नियम विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. २० अंश सेल्सिअसला १०० लिटर असलेलें डिझेल ६० अंशांला सुमारें १०३ लिटर जागा व्यापतें. अर्थात् गरम डिझेल तेवढ्याच मापांत वजनानें कमी भरतें. खंबाटकीचा घाट ओझ्यानिशीं चढणाऱ्या गाडींत पंपाच्या दाबानें व एंजिनाच्या उष्णतेनें डिझेल बरेंच तापतें. गाडींतील संगणक हें उष्णतामान जाणून इंधनाचें माप कमीअधिक करितो.

सेन्सरच्या पोटांत धातूंच्या ऑक्साइडांचा एक मणी असतो. तांब्याची तार तापली कीं तिचा विद्युत्-रोध वाढतो. या मण्याचा मात्र घटतो. असा उलटा गुण मायकेल फॅरडे यांनीं १८३३ सालीं सिल्व्हर सल्फाइडांत पाहिला होता. प्रचारांतील अनेक सेन्सरांचा रोध २० अंशांला सुमारें २५०० ओहम, तर ८० अंशांला सुमारें ३०० ओहम असतो. यावरून उघड होतें, कीं तार तुटली तर रोध अनंत होऊन संगणकाला डिझेल बर्फाहूनहि थंड भासेल; दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर रोध शून्य होऊन तें अतिशय गरम भासेल.

सेन्सर बिघडल्यास गाडी सुरू होण्यास त्रास, धूर, जोर कमी होणें, अशीं लक्षणें दिसूं शकतात. परंतु चोंदलेल्या फिल्टरनेंहि असें होतें. तपासणी-यंत्रावर पी ०१८२ किंवा पी ०१८३ हा संकेतांक उमटला, तरी सेन्सरच दोषी असें ठरत नाहीं. त्या मंडलांतील विद्युद्दाब पहिल्यांत फार कमी व दुसऱ्यांत फार जास्त आहे, इतकाच त्याचा अर्थ. मंडलांत तारा, जोड, सेन्सर व संगणक हे सारेच येतात.

आतां परीक्षेचा क्रम. प्रथम, गाडी रात्रभर उभी असावी. पहाटे एंजिन सुरू न करितां नुसती किल्ली फिरवून डिझेल, रेडिएटरचें पाणी व आंत येणारी हवा यांचीं उष्णतामानें यंत्रावर पाहावीं. तीं जवळजवळ सारखीं असावींत. डिझेलचेंच फार वेगळें असल्यास संशयास जागा आहे.

दुसरें, किल्ली बंद करून सेन्सरचा प्लग काढावा. गंज, पाणी किंवा सैल टोंकें आहेत काय, हें पाहावें. मग किल्ली फिरवितां आंकडा एकदम थंडीकडे गेला पाहिजे. आणि प्लगचीं दोन्ही टोंकें तारेनें जोडलीं असतां एकदम उष्णतेकडे. तसें झालें तर तारा व संगणक निर्दोष, आणि संशय सेन्सरवर. कांहीं संगणक दोष दिसतांच एक ठराविक आंकडा दाखवूं लागतात. तेथें प्लगवर सुमारें ५ व्होल्ट येतात कीं नाहीं, हें मीटरनें मोजावें.

तिसरें, एंजिन थंड असतां व पुन्हां तें तापवून बंद केल्यावर सेन्सरचा रोध मोजून निर्मात्याच्या कोष्टकाशीं ताडावा. मात्र चालत्या एंजिनाची इंधननळी कधींहि सैल करूं नये. आधुनिक डिझेल एंजिनांत इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असतो, व त्याची बारीक धारहि कातडी भेदून जाते.

असा मणी थर्मिस्टर या नांवानें बाजारांत अल्प किंमतींत मिळतो. विद्यार्थ्यांनीं तो कोरडा राहील असा गुंडाळून बर्फाच्या व कोमट पाण्यांत धरावा, रोध मोजावा आणि आलेख काढावा. मोजल्यावांचून निदान नाहीं व निदानावांचून दुरुस्ती नाहीं, हें त्यावरून पुस्तकापेक्षां अधिक चांगलें कळेल.