कमरेएवढ्या पाण्यातही उभं राहू नका

कयाक उलटली तर काय करायचं, हा महाड-पोलादपूरकडच्या पोरांचा पहिला प्रश्न असतो. उलटल्यावर सावरणं शिकता येतं. वल्ह्याचा आधार घेऊन कमरेच्या झटक्याने होडी सरळ करायची, त्याला आम्ही रोल म्हणतो. तो उन्हाळ्यात सावित्रीच्या एखाद्या कोंडात, संथ पाण्यात, जाणकार माणूस शेजारी उभा करून शिकावा. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. रोल फसला, होडीतून बाहेर पडलात आणि पायाला तळ लागला, तर उभं राहू नका.

कुंडलिकेवर सरावाला असताना हे मी डोळ्यांनी पाहिलं. कोलाडजवळच्या या नदीला मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून येतं, म्हणून कोरड्या दिवसांतही तिला जोर असतो. आमच्यातला एक जण होडीतून बाहेर पडला. पट्टीचा पोहणारा. पाणी जेमतेम मांडीपर्यंत होतं, म्हणून तो उभा राहिला आणि त्याचं पाऊल दोन दगडांच्या फटीत गेलं. मागून धारेने त्याला पुढे लोटलं. पाय जागीच, अंग आडवं, तोंड पाण्याखाली. लाइफ जॅकेट होतं, हेल्मेट होतं, अंगात ताकदही होती, पण वाहत्या पाण्यासमोर वाकलेलं शरीर परत सरळ करता येत नाही. दोन्ही काठांवर दोर घेऊन माणसं तयार होती म्हणून तो वाचला. त्यांनी दोर आडवा ताणून त्याच्या छातीखाली आणला, आधी डोकं वर आलं, मग वरच्या अंगाला ओढल्यावर पाऊल सुटलं. काठावर कोणी नसतं तर काय झालं असतं, ते मी आजही बोलून दाखवत नाही.

म्हणून पाण्यात पडलात की पाठीवर व्हा. पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, आणि बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. खडक आला तर पायाने ढकला. खडकामागे पाणी उलटं फिरून शांत होतं, ती एडी. ती जवळ आली की पालथे व्हा आणि तिरकं, जोरात पोहून आत शिरा. हात तळाला टेकले आणि धार थांबली, की मगच उभे राहा. दोर फेकला तर हाताने धरा, खांद्यावरून घ्या, पण अंगाला बांधू नका.

स्पर्धेत हे विसरायला होतं. स्लॅलम म्हणजे वाहत्या पाण्यात घड्याळाशी शर्यत: पाण्यावर टांगलेल्या खांबांमधून, म्हणजे गेटांमधून, होडी न्यायची. अशी 18 ते 25 गेट असतात. हिरवी धारेबरोबर, लाल धारेविरुद्ध पार करायची. खांबाला स्पर्श झाला तर 2 सेकंद वाढतात, गेट चुकलं तर 50. डोक्यात सगळा सेकंदांचा हिशेब असतो, आणि होडी हातातून निसटली की ती पकडायला पाय आपोआप खाली जातात. पण होडी सोडली की ती फेरी तिथेच संपते. आता घाई कशाचीच नाही, हे मनाला आधीच सांगून ठेवा.

आणि पावसाळ्यातल्या सावित्रीत सराव नकोच. महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस पोलादपूरला ऊन असतानाही खाली येतो. खाली महाडला गांधारी आणि काळ या नद्या मिळतात, त्यात खाडीला भरती असली तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा जुना पूल एसटी गाड्यांसह गेला. 22 जुलै 2021 चा पूर तर घराघरात शिरला. त्या पुरानंतर बोटी चालवायला शिकावं असं अनेकांना वाटू लागलं, ते मला मनापासून पटतं. पण पुराच्या पाण्यात झाडं असतात. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. बंधारा दिसायला हातभर उंचीचा, पण त्याच्या पायथ्याशी पाणी मागे फिरत राहतं आणि होडीसकट माणसाला परत भिंतीकडे खेचतं. बंधाऱ्याच्या आधीच उतरा आणि होडी खांद्यावर घेऊन काठाने जा.

होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती स्प्रे स्कर्ट असतो, आणि त्याचा पुढचा फास ओढूनच होडीतून सुटता येतं. निघण्यापूर्वी तो फास बाहेर आहे ना, ते हाताने चाचपा. तो आत राहिला तर पाण्याखाली सापडत नाही. हे रोज करा, सवयीच्या पाण्यातसुद्धा.

महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर स्लॅलमच्या स्पर्धा होतात. खेलो इंडिया युवा स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा, फेब्रुवारी 2023 मध्ये, तो तिथेच झाला. स्पर्धेसाठी लावलेल्या गेटांवर आधी सराव करू देत नाहीत. काठाने चालत, मांडणी पाठ करायची. मी चालताना प्रत्येक गेटखाली दोन गोष्टी शोधते: इथे पडले तर कोणत्या एडीत पोहोचेन, आणि दोरवाला कोणत्या खडकावर उभा असेल. तो दिसला नाही तर पंचांना जाऊन विचारते. तुम्हीही विचारा, नवखे असलात तर आधी विचारा.